‘फ्री’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं?

इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतर करायला लागल्यावर सुरुवातीलाच एक काम आलं होतं. वाहनतळाच्या ॲपचा मजकूर, एक्सेलच्या शीटमध्ये, एका ओळीत एक तुकडा. त्यातल्या एका ओळीत आकड्यासाठी सोडलेली जागा आणि पुढे एकच शब्द: ‘फ्री’. वरच्या पाच-सहा ओळींत तासाचा दर, पावती, पैसे परत असं सगळं पैशांचंच चाललं होतं. मी बिनदिक्कत ‘ग्रातिस’ लिहिलं, म्हणजे फुकट. प्रत्यक्षात तो शब्द वाहनतळाच्या दारावरच्या पाटीवर दिसणार होता: ‘१२ जागा मोकळ्या’. माझ्या स्पॅनिशमुळे तिथे ‘१२ फुकट’ झालं असतं. तपासणाऱ्या सहकाऱ्याच्या वेळीच लक्षात आलं. नाहीतर पाटी वाचून गाडी आत घातलेल्या कुणाला तरी बाहेर पडताना पैसे मागितले गेले असते.

तेव्हापासून नवीन कुणी शिकायला आलं की मी आधी हाच शब्द देते. इंग्रजीतल्या अनेकार्थी शब्दाला स्पॅनिशमध्ये कसं न्यायचं, हे एका ‘फ्री’वर नीट बसलं की पुढचे शेकडो शब्द त्याच वाटेने सोडवता येतात. आणि या कामात आपलं मराठी किती उपयोगी पडतं, हे मला मनापासून सांगायचं आहे. शिकवणीत ते सहसा कुणी सांगत नाही.

पहिली पायरी: शब्द एकटा हातात घेऊ नका

शब्दकोश उघडण्याआधी तीन गोष्टी शोधा. हा शब्द कुठे दिसणार आहे: पाटीवर, बटणावर, बिलावर, की परिच्छेदात? त्याच्या आधी आणि नंतर काय येणार आहे? आणि तो वाचणारा माणूस कोणत्या देशातला आहे?

पूर्ण वाक्य समोर असेल तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. एक्सेलच्या शीटमध्ये ती मिळत नाहीत. तिथे ओळीच्या बाजूला एखादा सांकेतिक नावाचा रकाना असतो, तो वाचायची सवय लावा. माझ्या त्या शीटमध्ये त्या रकान्यात ‘डिस्प्ले बोर्ड’ असं काहीतरी होतं. मी तो रकाना लपवून काम करत होते, कारण स्क्रीनवर जागा पुरत नव्हती. आता मी तो कधीच लपवत नाही. शेजारच्या ओळींवरून अंदाज बांधू नका. शीटमधल्या शेजारच्या ओळी ॲपमध्ये एकमेकींच्या शेजारी असतीलच असं नाही.

दुसरी पायरी: आधी मराठीत म्हणून बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबू.

इंग्रजीने ‘फ्री’ या एका पिशवीत जे कोंबलं आहे, ते मराठीत आधीच वेगवेगळ्या डब्यांत भरलेलं आहे. ‘फ्री’ असलेली वाक्यं घ्या आणि ती घरात जशी बोलाल तशी मराठीत बोला. मात्र ‘फ्री’ हा शब्द वापरायचा नाही, कारण तो आपल्याही तोंडात बसलेला आहे. ‘आज फ्री आहेस का?’ याचं ‘आज मोकळी आहेस का?’ होतं. ‘एकावर एक फ्री’चं ‘एकावर एक फुकट’ किंवा ‘मोफत’. ‘फ्री कंट्री’चा ‘स्वतंत्र देश’. ‘शुगर-फ्री’चं ‘बिनसाखरेचं’. ‘टॅक्स-फ्री’चं ‘करमुक्त’. पाखराला पिंजऱ्यातून ‘फ्री’ करणं म्हणजे ‘सोडून देणं’. ‘फील फ्री टू आस्क’ म्हणजे ‘निःसंकोच विचारा’.

मोकळा, फुकट, स्वतंत्र, बिन-, -मुक्त, सोडणं, निःसंकोच. सात वाक्यांत सात वेगळे शब्द. ज्याची मातृभाषा फक्त इंग्रजी आहे त्याला हे अर्थ वेगळे आहेत हे आधी शिकावं लागतं. तुम्ही ते पाच वर्षांचे असतानाच शिकलात. म्हणून इंग्रजी शब्दावरून थेट स्पॅनिश शब्दाकडे उडी मारू नका, मध्ये मराठीत एक पाय टेका.

तिसरी पायरी: स्पॅनिश शब्द निवडा

आता मुख्य जोडी. मोकळा, स्वतंत्र, मुक्त या बाजूला स्पॅनिशमध्ये ‘लिब्रे’ आहे. फुकट, मोफत, विनामूल्य या बाजूला ‘ग्रातिस’ आणि ‘ग्रातुइतो’.

स्पेनमध्ये रिकाम्या टॅक्सीवर हिरवा दिवा आणि ‘लिब्रे’ अशी अक्षरं दिसतात. वाहनतळाच्या दारावर जागा असेल तर हिरव्यात ‘लिब्रे’, भरलं असेल तर लाल रंगात ‘कोम्प्लेतो’. टॅक्सीवरचं ‘लिब्रे’ पाहून कुणी पैसे न देता बसायला जात नाही. ही दोन चित्रं डोक्यात पक्की बसवा, म्हणजे माझ्यासारखी चूक होणार नाही.

‘ग्रातिस’ आणि ‘ग्रातुइतो’ यांत फरक साधारण आपल्या ‘फुकट’ आणि ‘विनामूल्य’ यांच्यासारखा आहे. बोलताना, जाहिरातीत, दुकानात ‘ग्रातिस’: घरपोच मोफत असेल तर ‘एन्वीओ ग्रातिस’. पत्रात, नियमांत, सरकारी मजकुरात ‘ग्रातुइतो’. पण ‘फुकट’ला मराठीत जी हलकी छटा आहे, ‘फुकट्या’ म्हटल्यावर जी बोचते, ती ‘ग्रातिस’ला नाही. बँकेच्या माहितीपत्रकातही ‘ग्रातिस’ चालून जातं. याहून औपचारिक हवं असेल तर ‘खर्चाविना’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे: स्पेनमध्ये ‘सिन कोस्ते’, लॅटिन अमेरिकेत ‘सिन कोस्तो’.

व्याकरणाच्या दोन गोष्टी इथेच लक्षात ठेवा. ‘ग्रातिस’ कधीच बदलत नाही, एक वस्तू असो की शंभर. ‘ग्रातुइतो’ मात्र लिंग-वचनाप्रमाणे चार रूपं घेतो: ग्रातुइतो, ग्रातुइता, ग्रातुइतोस, ग्रातुइतास. ‘लिब्रे’ला लिंग नाही पण वचन आहे, अनेकवचनात तो ‘लिब्रेस’ होतो. उच्चार करताना ‘ग्रातुइतो’मधले ‘तुइ’ एका दमात म्हणायचे, ‘तु-ई’ असे तोडायचे नाहीत. आणि त हा आपल्या तळ्यातला त, टोपीतला ट नव्हे.

आता एक खाचखळगा, जिथे मराठी सगळी मदत करत नाही. आपल्याकडे ‘आहे’ एकच. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ यासाठी दोन क्रियापदं आहेत: ‘सेर’ आणि ‘एस्तार’. ‘एस्तास लिब्रे?’ म्हणजे ‘मोकळी आहेस का?’ आणि ‘एरेस लिब्रे’ म्हणजे ‘तू स्वतंत्र आहेस’, तुझ्यावर कुणाची सत्ता नाही. मैत्रिणीला शनिवारी चहाला बोलवायचं आणि चुकून तिला स्वातंत्र्याची ग्वाही द्यायची, असं होऊ नये. शब्द बरोबर निवडूनही क्रियापद चुकलं की अर्थ बदलतो, त्यामुळे शब्दाबरोबर त्याचं क्रियापदही वहीत लिहून ठेवा.

चौथी पायरी: शब्द नाहीसा होऊ द्या

नवख्या माणसाला वाटतं की इंग्रजीत ‘फ्री’ आहे म्हणजे स्पॅनिशमध्येही त्याच्या जागी काहीतरी बसलं पाहिजे. तसं नसतं. ‘फील फ्री टू आस्क’चं नैसर्गिक स्पॅनिश आहे ‘नो दुदे एन प्रेगुन्तार’, शब्दशः ‘विचारायला कचरू नका’. त्यात ना लिब्रे, ना ग्रातिस. आपण तरी ‘विचारायला मोकळे वाटून घ्या’ असं कुठे म्हणतो?

‘-फ्री’ शेवटी लागलेले शब्द पाटीवर आणि वेष्टनांवर सतत येतात. त्यांच्यासाठी मी एक ढोबळ कसोटी वापरते. मराठीत ‘बिन-’ नैसर्गिक वाटत असेल तर स्पॅनिशमध्ये ‘सिन’ घ्या, ‘-मुक्त’ वाटत असेल तर ‘लिब्रे दे’. बिनसाखरेचं म्हणजे ‘सिन आसुकार’. करमुक्त म्हणजे ‘लिब्रे दे इम्पुएस्तोस’. धूम्रपानमुक्त जागा म्हणजे ‘लिब्रे दे उमो’. कसोटी दर वेळी लागू पडेलच असं नाही: पेट्रोल शिसेमुक्त म्हटलं तरी स्पॅनिशमध्ये ते ‘सिन प्लोमो’. पण पहिल्या अंदाजासाठी ती पुरते.

उलटही होतं. इंग्रजीत ‘फ्री’ नसताना स्पॅनिशमध्ये ‘लिब्रे’ येतो. उघड्यावरचा कार्यक्रम, ज्याला इंग्रजीत ‘ओपन एअर’ म्हणतात, तो स्पॅनिशमध्ये ‘आल आइरे लिब्रे’, मोकळ्या हवेत. इथे स्पॅनिश मराठीच्या जास्त जवळ आहे.

पाचवी पायरी: देश विचारा

‘स्पॅनिशमध्ये करून द्या’ एवढंच सांगणाऱ्याला उलट विचारा, कुठल्या स्पॅनिशमध्ये. मेक्सिकोचं उदाहरण घ्या. तिथे दोन शहरांमध्ये बऱ्याचदा दोन रस्ते असतात: टोल भरायचा तो ‘क्वोता’ आणि टोल नसलेला तो ‘लिब्रे’. ‘लिब्रेने जायचं की क्वोताने?’ हा तिथल्या प्रवासातला नेहमीचा प्रश्न. म्हणजे ज्या ‘लिब्रे’चा पैशाशी संबंध नाही असं मी वर सांगितलं, तोच इथे पैसे न लागण्याच्या अर्थाने आला. स्पेनमध्ये टोलला ‘पेआहे’ म्हणतात आणि बिनटोलच्या मोठ्या रस्त्याला ‘आउतोविआ’. मेक्सिकोतल्या ट्रकचालकासाठीच्या ॲपमध्ये ‘टोल-फ्री’ला ‘आउतोविआ’ लिहिलं तर तो गोंधळून जाईल.

ग्लुटेन नसलेल्या पदार्थावर स्पेनमध्ये ‘सिन ग्लुतेन’ असतं. अर्जेंटिनात त्या जागी ‘सिन ते-आ-से-से’ अशी चार अक्षरं दिसतात. गहू, ओट, बार्ली आणि राय यांच्या स्पॅनिश नावांची ती आद्याक्षरं आहेत. मोकळ्यावर चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी स्पेनमध्ये ‘गायिनास काम्पेरास’ची, म्हणजे रानातल्या कोंबड्यांची, तिथे ‘लिब्रे’ शोधू नका. अशा वेळी त्या देशातल्या दुकानाच्या संकेतस्थळावर जाऊन वस्तूचा फोटो बघणं हा उत्तम उपाय. वेष्टनावर छापलेला शब्द शब्दकोशापेक्षा जास्त खरं सांगतो.

आणखी एक जागा अवघड आहे. ‘एन्त्रादा लिब्रे’, म्हणजे ‘प्रवेश मोकळा’. दुकानाच्या दारावर त्याचा अर्थ, आत या, बघा, काही घेतलंच पाहिजे असं नाही. संगीताच्या कार्यक्रमाच्या पत्रकावर ‘एन्त्रादा लिब्रे, सभागृह भरेपर्यंत’ अशा अर्थाची ओळ असते, तेव्हा तिकीट लागत नाही असाच अर्थ होतो. तिकीट लागणार नाही हे निःसंदिग्ध सांगायचं असेल तर मी ‘एन्त्रादा ग्रातुइता’ लिहिते.

थोडं बाजूला: इंग्रजीलाच हा शब्द अडला तेव्हा

अमेरिकी संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सगळ्यांना मोकळेपणाने वापरता-बदलता येईल अशा सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं. त्यातला ‘फ्री’ हा स्वातंत्र्याचा आहे, फुकटचा नाही, हे त्यांना तेव्हापासून सतत समजावून सांगावं लागत आहे: भाषणस्वातंत्र्यातला ‘फ्री’, फुकटच्या बिअरमधला नव्हे. शेवटी इंग्रजीत बोलणाऱ्यांनी यासाठी ‘लिब्रे’ हा शब्दच उसना घेतला. २०१० मध्ये ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरपासून वेगळं झालेलं लिब्रेऑफिस आज आपल्यापैकी अनेकांच्या संगणकावर आहे. स्पॅनिशमध्ये ‘सोफ्तवेअर लिब्रे’ म्हटलं की समजावून सांगायची वेळच येत नाही.

विकिपीडियाचंही तसंच. इंग्रजीतला ‘फ्री’ ज्ञानकोश स्पॅनिशमध्ये ‘एन्सिक्लोपेदिआ लिब्रे’ आणि मराठीत ‘मुक्त ज्ञानकोश’. दोन्ही भाषांतरकारांनी अर्थाची तीच बाजू उचलली. २००२ मध्ये तर स्पॅनिश विकिपीडियावर लिहिणारे काही जण, पुढेमागे त्यावर जाहिराती येतील या शंकेने, बाहेर पडले. त्यांनी सेव्हिया विद्यापीठाच्या सर्व्हरवर वेगळा ज्ञानकोश उभा केला आणि त्याचं नावही ‘एन्सिक्लोपेदिआ लिब्रे’ असंच ठेवलं.

सहावी पायरी: शब्दकोश उलट बाजूने वाचा

इंग्रजी-स्पॅनिश शब्दकोशात ‘फ्री’ काढला की दहा-बारा शब्दांची रांग मिळते. त्यातला पहिला उचलू नका. तुम्हाला योग्य वाटलेला स्पॅनिश शब्द आता स्पॅनिश-स्पॅनिश शब्दकोशात उघडा आणि तिथली व्याख्या तुमच्या मराठी शब्दाशी जुळते का ते बघा. १७१३ मध्ये माद्रिदला स्थापन झालेल्या स्पॅनिश राजअकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर सगळ्यांना पैसे न देता बघता येतो. लॅटिन अमेरिकेतल्या शब्दांसाठी वेगवेगळ्या देशांतल्या स्पॅनिश भाषेच्या अकादमींच्या संघटनेने २०१० मध्ये काढलेला अमेरिकी स्पॅनिशचा कोश आहे. आणि शब्द वाक्यात कसा चालतो हे बघायचं असेल तर मारिआ मोलिनेर यांचा कोश. त्या ग्रंथपाल होत्या. नोकरी सांभाळून, घरी बसून, वर्षानुवर्षं जवळपास एकटीने त्यांनी हा दोन खंडांचा कोश लिहिला आणि तो १९६६-६७ मध्ये बाहेर आला. ‘वापराचा कोश’ असंच त्याचं नाव आहे. भाषांतर करणाऱ्याने तो एकदा तरी चाळावाच.

असा उलटा शब्दकोश वाचताना मला एक गोष्ट सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘ग्रातिस’ला एक जुना भाऊ आहे: ‘दे बाल्दे’, म्हणजे फुकट. त्यातला फक्त पहिला शब्द बदलून ‘एन बाल्दे’ म्हटलं की अर्थ होतो ‘व्यर्थ’. मराठीत बघा: ‘फुकट मिळालं’ आणि ‘मेहनत फुकट गेली’. दोन्ही अर्थ आपल्याही एकाच शब्दात. हा ‘बाल्दे’ अरबीतल्या ‘बातिल’वरून आला, ज्याचा अर्थ निरर्थक, पोकळ. तोच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि आपल्या ‘रद्दबातल’मध्ये बसला. अकादमीच्या कोशात त्याच अक्षरांचा दुसरा ‘बाल्दे’ वेगळ्या नोंदीत आहे, तो पाण्याचा. पोर्तुगीजमध्येही तो आहे आणि तिथूनच आपली बालदी आली. ‘ग्रातुइतो’चंही असंच: ‘फुकटचा आरोप’ म्हणजे बिनबुडाचा, अगदी त्याच अर्थाने स्पॅनिशमध्ये ‘आकुसासिओन ग्रातुइता’ म्हणतात.

सातवी पायरी: मराठी कुठे फसवतं ते ओळखा

मध्ये मराठीत पाय टेकायचा हे खरं, पण जमीन सगळीकडे घट्ट नाही. आपण रिक्षावाल्याला ‘रिकामी आहे का?’ विचारतो, बसमध्ये ‘ही जागा रिकामी आहे का?’ म्हणतो. त्यावरून ‘वासीओ’ हा शब्द घेऊ नका. तो भांडं रिकामं, फ्रिज रिकामा यासाठी. टॅक्सी आणि खुर्ची ‘लिब्रे’च.

दुसऱ्या शब्दांवर हीच पद्धत चालवून बघा, म्हणजे कुठे मराठी साथ देतं आणि कुठे सोडतं ते कळेल. ‘आस्क’ सोपा आहे: विचारणे म्हणजे ‘प्रेगुन्तार’, मागणे म्हणजे ‘पेदीर’. ‘प्ले’ही: खेळणे ‘हुगार’, वाद्य वाजवणे ‘तोकार’. ‘नो’चं, म्हणजे नकाराचा नव्हे तर जाणण्याचा जो ‘नो’ त्याचं, तर फारच छान जुळतं. एखादी गोष्ट माहीत असणे आणि एखादी गोष्ट येणे, म्हणजे ‘मला पोहता येतं’मधलं येणे, दोन्ही ‘साबेर’; माणसाला ओळखणे ‘कोनोसेर’. पण ‘सेव्ह’ला जपा. आपण पैसे वाचवतो आणि जीवही वाचवतो, दोन्हीकडे एकच क्रियापद. स्पॅनिशमध्ये पैसे ‘आओर्रार’, जीव ‘साल्वार’ आणि संगणकावरची फाइल ‘ग्वार्दार’. ‘लेग’लाही तसंच: मराठीत पाय एकच, पण स्पॅनिशमध्ये माणसाचा पाय ‘पिएर्ना’, प्राण्याचा आणि टेबलाचा ‘पाता’, आणि घोट्याखालचा ‘पिए’. अशा शब्दांची एक वेगळी यादी वहीच्या मागच्या पानावर करा. माझी यादी चार पानांची झाली आहे.

शेवटची पायरी: अडलं तर विचारा, आणि आकडा बदलून बघा

संदर्भ मिळाला नाही तर काम देणाऱ्याला प्रश्न पाठवा. ‘संदर्भ काय?’ एवढाच प्रश्न पाठवला तर उत्तर येत नाही, हा माझा अनुभव. प्रश्नातच दोन्ही पर्याय द्या: ‘या ओळीत जागा मोकळी आहे असं म्हणायचंय की पैसे लागत नाहीत असं? स्पॅनिशमध्ये दोन्हीला वेगळे शब्द आहेत.’ याला सहसा त्याच दिवशी एका शब्दात उत्तर येतं. प्रश्न विचारायला संकोचू नका. मी त्या दिवशी विचारलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं.

मग मजकूर प्रत्यक्ष जागेवर बसवून बघा. त्या वाहनतळाच्या पाटीवर ‘१२ लिब्रेस’ ठीक दिसत होतं, पण एकच जागा उरली की ‘१ लिब्रेस’ झालं असतं, ते चूक. ॲपमध्ये एकवचनासाठी वेगळी ओळ नव्हती. म्हणून आकडा शेवटी नेला: ‘प्लासास लिब्रेस: १२’. हा मजकूर स्पेनसाठी होता, त्यामुळे जागेला ‘प्लासा’ चाललं. मेक्सिकोसाठी असता तर ‘लुगारेस’ घेतलं असतं. आणि आकडा शून्यावर आला की ती ओळ जाऊन तिथे लाल अक्षरांत ‘कोम्प्लेतो’ यावं, एवढी एक सूचना शीटच्या शेवटच्या रकान्यात लिहून मी काम परत पाठवलं.